एकेचाळीस नावांची रांगोळी

"सुनीतीताई, पुसली. कोणीतरी पुसली."

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सुनीतीचा ऑफिसातला पहिला चहा अजून अर्धाच झाला होता. फोनवर केतकी होती आणि ती रडत नव्हती, हेच जास्त काळजीचं होतं.

"काय पुसलं? नीट सांग."

"रांगोळी. सहाला उद्घाटन आहे. तुम्ही या."

सुनीती एका सरकारी विमा कंपनीच्या दक्षता विभागात होती. वय एक्कावन्न, घटस्फोटाला अठरा वर्षं, कोलकात्यात बदली होऊन तीन. लोकांचं खोटं पकडणं हे तिचं काम आणि पकडलेलं खोटं फायलीत बंद होताना बघणं हे तिचं नशीब. तिने ज्यांच्यावर अहवाल लिहिले त्यातले दोघं आता तिचे साहेब होते. अर्ध्या दिवसाची रजा खरडून ती निघाली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा ती "रांगोळी" म्हणाली आणि त्यांचा चेहरा न बघता जिना उतरली.

बालीगंजमधल्या एका जुन्या घराचा तळमजला म्हणजे सान्यालबाबूंची गॅलरी. सात चित्रकर्तींचं प्रदर्शन होतं. सहाजणींची कामं भिंतींवर होती, केतकीचं जमिनीवर. न्यू टाउनमधली आयटीची नोकरी सोडून ती चार वर्षं या एका कामामागे होती. जुन्या घरांत असते तशी लालभडक सिमेंटची जमीन, तिच्यावर मध्यभागी ठिपक्यांची मोठी रांगोळी आणि कडेने एकेचाळीस चौकटी. प्रत्येक चौकटीत एका बाईचं नाव आणि तिचं गाव.

या बायकांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आल्याच तर कुंकू लावत नाहीत. विधवा, घटस्फोटिता, नवऱ्याला सोडून आलेल्या, आणि सानिकासारखी एक, जिला बाईच मानत नाहीत. त्यात एक चौकट 'सुनीती, सांगली' अशीही होती. रांगोळी पूर्ण पांढरी. हळद नाही, कुंकू नाही. केतकीचा तसा हट्टच होता.

सुनीती दारात थांबली. मधली रांगोळी जशीच्या तशी होती. चारही बाजूंच्या चौकटी मात्र फासून टाकलेल्या होत्या. एकही नाव वाचता येत नव्हतं.

"पुन्हा काढ," ती म्हणाली. "फक्त कड तर आहे. आत्ता बसलीस तर होईल."

"नाही काढणार." केतकी भिंतीला टेकून उभी होती. "या बायकांकडून मी नावं मागून आणलीत. कोणी घेतली हे कळल्याशिवाय मी पुन्हा त्यांना जमिनीवर मांडणार नाही. नाहीतर काम मागे घेते. सोडते हे सगळं."

पोलीस येऊन उभे होतेच. सब-इन्स्पेक्टर भला माणूस वाटला, पण भलेपणाचा उपयोग नव्हता.

"मैडम, पाउडर मिट गया. इसमें केस क्या बनेगा?"

"ये कलाकृती है. तोड़फोड़ हुई है."

"टूटा क्या?"

सुनीतीची कानशिलं तापली.

"कैमरा?" तिने सान्यालबाबूंना विचारलं.

"है," ते कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "लेकिन तार नहीं लगा है."

त्यांचं मत ठरलेलं होतं. चावी रखवालदाराकडे, म्हणून गुन्हेगार रखवालदार. हा नीताई पन्नाशीचा, किडकिडीत, दाराजवळ हात बांधून उभा होता.

"सुबह बाहर का कोई आया था?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ना सर. बाहर का कोई नहीं. सिर्फ फूलवाला. माला बाहर से दिया, चला गया."

"ऐकलंत?" सान्यालबाबू म्हणाले ते हिंदीत, पण सूर सगळ्या भाषांत तोच असतो. सहापर्यंत दुसरा कोणी सापडला नाही, तर नीताईची नोकरी गेली आणि तो ठाण्यावर, असं त्यांनी जाहीर केलं. इन्स्पेक्टर चहा पिऊन गेला.

सुनीतीने चपला काढल्या आणि कडेकडेने वाकून बघत फिरली.

पहिली गोष्ट. कुठेही पाऊल उमटलेलं नव्हतं. ज्याला अपमान करायचा असतो तो लाथ मारतो, बूट फिरवतो. इथे कोणीतरी बाहेरच्या बाजूला बसून, हात लांबवून, तळव्याने नावं फासली होती. मधल्या ठिपक्यांना धक्का नव्हता.

दुसरी गोष्ट. खिडकीकडच्या बाजूला तीन चौकटी नुसत्या फासलेल्या नव्हत्या. त्या ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेल्या होत्या. तिथे लाल जमीन चकचकत होती.

आणि त्या चकचकीत जागेवर पिवळे कण होते, चिमूटभर.

"झेंडूचं असेल," केतकी म्हणाली. दाराला झेंडूच्या माळा लागल्याच होत्या.

सुनीतीने बोट ओलं करून त्या कणांशेजारी टेकवलं. बोट लाल झालं. जमिनीचा रंग असेल म्हणून तिने दोन हात पलीकडे दुसरं बोट घासून पाहिलं. ते स्वच्छ राहिलं. तिने हात रुमालाला पुसला.

"या तीन चौकटींत कोण होतं?"

केतकीने मोबाइलवर कालचा फोटो काढला. सानिका, लातूर. प्रेमलता, दारव्हा. तेजस्विनी, कराड.

"ही बाजू कधी भरलीत?"

"काल संध्याकाळी. सातला संपली. त्याआधी ही नावं मी कोणालाच दाखवली नव्हती. कुसुमकाकू आणि वैदेही मदतीला होत्या. दोघी म्हणत होत्या, भुंडी रांगोळी बरी दिसत नाही, चिमूटभर हळदकुंकू तरी टाक. मी नाही म्हटलं."

केतकीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मागच्या खोलीतल्या टेबलावर स्टीलचा डबा होता. उघडला तर साबुदाण्याची खिचडी, गार झालेली.

"कुसुमकाकूंचा असणार. रोज आणतात," केतकी म्हणाली. सुनीतीने तिला चार घास खायला लावले आणि दोन स्वतः खाल्ले. खिचडी उत्तम झाली होती.

साडेअकराला कुसुमताई आणि वैदेही पाठोपाठ आल्या.

कुसुमताई त्रेसष्ट वर्षांच्या. मुलगा उन्मेष केंद्र सरकारच्या एका कंपनीत, त्याच्या बदलीबरोबर पाच वर्षांपूर्वी आल्या. यजमान नागपूरकडे, संत्र्याच्या बागेत. "त्यांना झाडं सोडवत नाहीत," असं त्या हसून सांगत. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र. कोलकात्यातल्या कुठल्याही मराठी घरात ओटी भरायची असो, पहिलं बोलावणं त्यांना.

गेल्या महिन्यातच संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. कुसुमताई करंडा घेऊन ओळीने येत होत्या. सुनीतीपाशी आल्यावर त्यांनी तिळगूळ दिला, "बस हं तू," म्हणाल्या आणि करंडा पुढच्या बाईकडे नेला. तीन वर्षं हेच. सुनीतीला राग यायचा, आणि एवढ्याशा गोष्टीचा राग येतो याचा आणखी राग यायचा.

"अगं बाई, हे काय झालं!" कुसुमताईंनी तोंडावर हात ठेवला. त्या हातात आज काही नव्हतं. "मी आत्ताच येतेय. उन्मेषने सोडलं."

वैदेही फोर्ट विल्यमच्या क्वार्टरमध्ये राहणारी, मेजरची बायको. तिने सरळ बातमीच दिली. "सानिकाला धमक्यांचे फोन येतात ना, तेच लोक. दुसरं कोण?"

"वैदेही, जरा कुंकू आहे का गं?" सुनीतीने मध्येच विचारलं. "सकाळच्या घाईत टिकली राहिली."

"टिकल्यांचं पाकीट आहे. कुंकू कोण बाळगतं ताई हल्ली?"

कुसुमताईंचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच राहिला. "मीही आज नाही आणलं," त्या म्हणाल्या.

"या तीन नावांत तुमच्या ओळखीचं कोणी?"

"नावावरून काय कळणार?" वैदेही म्हणाली. "मीच माहेरची सुरुची. लग्नात नाव बदललं. इथे कोणाला माहीत आहे?"

पुढचे तीन तास सुनीतीने फुकट घालवले. सानिकाला फोन लावला. ती सियालदहजवळच्या एका पार्लरमध्ये काम करायची.

"ताई, मला शिव्या देणारे सकाळी लवकर उठत नाहीत," सानिका म्हणाली. "आणि माझं नाव पुसायला कोणी वाकेल होय? पायानेच पुसतील."

बाई बरोबर बोलत होती. मग तेजस्विनी. तिने नवऱ्याला सोडलं तेव्हा त्याने सोसायटीच्या गेटवर तमाशा केला होता. हा माणूस कामाचा, असं वाटून सुनीतीने त्याचं ऑफिस गाठलं, दोन रिसेप्शनिस्टशी हुज्जत घातली आणि तो सोमवारपासून बंगळुरूला आहे हे कळल्यावर फोन आपटला.

"प्रेमलता कोण?"

"माहीत नाही," केतकी म्हणाली. "पोस्टाने पत्र आलं होतं. पत्ता नाही, फोन नाही. नाव, गाव आणि एकच ओळ. 'मला बोलावतात, तेच दुखतं.' मला कळलं नाही, पण ओळ इतकी खरी वाटली की नाव घेतलं."

सुनीतीलाही कळलं नाही. न बोलावलेल्यांच्या यादीत हिला बोलावतात? तिचं डोकं दुखायला लागलं. अडीच वाजले होते. बाहेर नीताई आपली पिशवी भरून बसला होता आणि सान्यालबाबू दर पंधरा मिनिटांनी घड्याळ दाखवून जात होते.

केतकी बॅग आवरत होती. काम मागे घेत असल्याची चिठ्ठी तिने लिहून टेबलावर ठेवली होती. बॅगेतून तिने स्टीलचा एक डबा काढला.

"हा कुसुमकाकूंना द्याल? कालचा आहे. रात्री घरी नेऊन घासला."

सुनीतीने डबा घेतला. आत साखर होती. डबा रिकामा परत करायचा नाही, हे केतकीसारखी बंडखोर मुलगीही पाळते, याचं तिला हसू आलं. मग हसू थांबलं.

"कालचा डबा तू घरी नेला होतास?"

"हो."

"मग टेबलावरचा?"

"आजचा असेल."

"तू दहाला आलीस तेव्हा तो होता?"

केतकीने आठवून पाहिलं. "होता."

सुनीतीने साखरेचा डबा उंच धरून तळ पाहिला. जुनं, जाड स्टील. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, लग्नात भांड्यांवर घालायचे तसं. 'चि. प्रेमलता हीस, मामाकडून. दारव्हा. ४-५-८२.'

मग बाहेर जाऊन तिने नीताईला तो प्रश्न विचारला, जो सकाळीच कोणीतरी विचारायला हवा होता. त्या कोणातरीत तीही होती.

"नीताई, बाहर का कोई नहीं आया. अपना कौन आया था?"

"मासीमा आए थे," नीताई लगेच म्हणाला. "सात बजे. खाना रखने. वो तो रोज आते हैं ना, दीदी."

साडेतीनला सुनीतीने कुसुमताईंना आणि केतकीला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. दोन्ही डबे टेबलावर ठेवले.

"कुसुमताई, मी सांगते. चुकलं तर थांबवा." तिचा आवाज ऑफिसातल्यासारखा कोरडा होता. "ही रांगोळी बाहेरच्या गुंडांनी पुसलेली नाही. त्यांनी तुडवली असती. पुसणाऱ्या माणसाने चपला बाहेर काढल्या आणि मधल्या ठिपक्यांना हात लावला नाही. त्याला एकच नाव नको होतं. ते त्याने ओल्या फडक्याने पुसलं, शेजारची दोन त्याच्याबरोबर गेली. मग एकच गेलेलं दिसू नये म्हणून बाकीची कोरड्या हाताने फासली."

कुसुमताई डब्यांकडे बघत होत्या.

"इथवर कोणीही असू शकलं असतं. पण पुसलेल्या जागेवर हळद होती. तिच्याशेजारी कुंकूही होतं, लाल जमिनीवर ते दिसत नव्हतं एवढंच. केतकीने या कामात दोन्ही वर्ज्य केलेली. मग टाकलं कोणी? जिच्या हाताला सवय आहे तिने. रांगोळी मोडली, जागा भुंडी राहिली, ते जिला बघवलं नाही तिने. वैदेहीकडे टिकल्यांचं पाकीट असतं. तुमच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची कोयरी असते. सकाळी मी कुंकू मागितलं तेव्हा तुमचा हात तिकडे गेला होता."

"सुनीती..."

"तुम्ही साडेअकराला 'आत्ताच येतेय' म्हणालात आणि पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आलात. कारण तुमचा डबा सकाळी सातलाच आला होता. नाव पुसायला आलात, तेही खिचडी करून घेऊन."

"नीताईला काय सांगणार होते?" कुसुमताई हळूच म्हणाल्या. "आणि हा डबाही परत न्यायचा होता. तो इथे नव्हता."

केतकी उभी राहिली. "काकू, तुम्ही? चार दिवस माझ्या शेजारी बसून... कशासाठी? प्रेमलता कोण तुमची?"

"त्याच," सुनीती म्हणाली. "माहेरच्या. लग्नाआधीच्या. ते पत्र त्यांनीच लिहिलं होतं. 'मला बोलावतात, तेच दुखतं.' नागपूरच्या बागेत कोणी नाही ना, कुसुमताई?"

मग कुसुमताईंनी खुर्ची ओढून घेतली.

"सहा वर्षं झाली. दत्तात्रय गेले तेव्हा आम्ही अमरावतीला होतो. इकडे येताना रेल्वेत एकटीने बसायचं, म्हणून उन्मेषच म्हणाला, मंगळसूत्र राहू दे. दुसऱ्याच दिवशी शेजारची बाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. कपाळाला टिकली होती माझ्या. मी गेले. तिने विचारलं, यजमान कुठे? मी म्हटलं, बागेत. झालं. पुढे कोणी विचारलंच नाही आणि मला सांगता आलं नाही."

"मग नाव का दिलंत?"

"कुठेतरी खरं लिहावंसं वाटलं. प्रेमलताला इथे कोण ओळखतं? काल माझ्याच हाताने ती चौकट भरली. इतकं बरं वाटलं! घरी जाऊन दुसरे डबे घासायला घेतले, एक उलटा केला आणि मामाने घातलेलं नाव दिसलं. माझे डबे सगळ्यांच्या घरी जातात गं. सगळ्यांनी घासलेत. रात्रभर झोप नाही."

सुनीतीने ठरवलं होतं, हे विचारायचं नाही. तरी विचारलं. "माझ्यापुढून करंडा पुढे नेताना काय वाटायचं?"

"भीती," कुसुमताई म्हणाल्या. "तुला लावलं असतं तर बायकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं असतं. म्हणून तुला सगळ्यांआधी वगळायचे."

तीन वर्षं सुनीतीने राग धरला होता. एवढी साधी, एवढी घाबरट गोष्ट! रागावायला समोर कोणी मोठं दुष्टही नव्हतं. तिला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

"मी बाहेर काही बोलणार नाही," ती म्हणाली. "पण नीताईची पिशवी भरून झालीय."

कुसुमताई उठल्या. दार उघडून त्या सरळ सान्यालबाबूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वैदेही तिथेच माळा सारख्या करत होती.

"मैंने मिटाया," त्या म्हणाल्या. "नीताई को कुछ मत बोलिए."

"आपने? क्यों?"

कुसुमताईंनी एकदा सुनीतीकडे पाहिलं.

"मेरा नाम था."

सान्यालबाबूंना काही कळलं नाही. वैदेहीला सगळं कळलं. तिने त्या तीन चौकटींकडे पाहिलं, मग कुसुमताईंच्या कपाळाकडे.

"काकू... म्हणजे काका..."

"नाहीत. सहा वर्षं झाली."

वैदेहीच्या हातातली माळ खाली आली. पुढच्या शुक्रवारी तिच्या क्वार्टरमध्ये पाच सवाष्णी जेवायच्या होत्या. ती वाईट मुलगी नव्हती. तिने कुसुमताईंच्या दंडावर हातसुद्धा ठेवला.

"काकू, ते शुक्रवारचं... मी एकदा सासूबाईंना विचारून सांगते हं."

"विचार हं," कुसुमताई म्हणाल्या. मग सुनीतीकडे वळल्या. त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदाच चढला होता. "ऐकलंस? एवढ्यासाठी पुसलं मी. ह्या एवढ्या वाक्यासाठी!"

वैदेही लाल होऊन बाहेर गेली. चार वाजायला आले होते. केतकीने टेबलावरची चिठ्ठी फाडली, रांगोळीचं पोतं ओढलं आणि खिडकीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"सानिका लातूर झालं," थोड्या वेळाने ती मान वर न करता म्हणाली. "पुढची चौकट कोरी ठेवू?"

कुसुमताई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. त्यांनी चिमटीत रांगोळी घेतली आणि केतकीच्या तळहातावर सोडली.

"तू लिही," त्या म्हणाल्या. "गावासकट लिही."